खटका दाबला की अमेरिका

मुलीकडे अमेरिकेत, ओरेगन राज्यात येऊन दीड महिना झाला. गाव बीव्हर्टन, पोर्टलंडला अगदी खेटून. मागच्या शनिवारी ती मला जुन्या वस्तूंच्या दुकानात घेऊन गेली आणि काचेच्या कपाटात तो दिसला. व्ह्यूमास्टर! डोळ्यांना लावून, गोल चकतीवरची चित्रं खटका दाबत एकेक करून बघायचं ते यंत्र. काळपट तपकिरी, बेकलाइट या जुन्या कडक प्लास्टिकचा, हातात घेतला तर चांगला जड. मी "अगं बाई!" एवढ्या जोरात म्हणाले की चार माणसं वळून बघायला लागली. दुकानदार आजोबा हसून म्हणाले, "इथलाच आहे तो." मला वाटलं, दुकानातलाच म्हणतायत.

आमच्या मिरजेच्या वाड्यात तो मुंबईच्या काकांनी आणला होता, सत्तरच्या दशकात. भारतात तेव्हा तो पटेल इंडिया ही कंपनी बनवायची. मालकी अर्थातच चुलतभावाची. एका चकतीचा दर कैरीची एक फोड, तिखटमीठ लावलेली. अंगणात उजेडाकडे तोंड करून उभं राहायचं, दुसरा डोळा मिटायचा नाही, आणि खटका दाबायचा. खट्. नायगारा. खट्. डिस्नेलँडचा किल्ला. सातव्या चित्रानंतर पुन्हा पहिलं यायचं, तरी मी आठव्यांदा दाबायचे. अमेरिका म्हणजे काय, हे मला भूगोलाच्या बाईंनी नाही, त्या खटक्याने शिकवलं. निळंशार आकाश, लाल गाड्या, आणि कचरा कुठेच नाही.

तर घरी येऊन वाचत बसले. "इथलाच" म्हणजे खरोखर इथलाच! पोर्टलंडमध्ये विल्यम ग्रूबर नावाचा जर्मनीहून आलेला ऑर्गन बनवणारा कारागीर होता, फोटोचं वेड असलेला. १९३८ साली तो ओरेगनच्या गुहा बघायला गेला, तिपाईवर दोन कॅमेरे शेजारी शेजारी बांधून. तिथे त्याला सॉयर्स या पोस्टकार्डं छापणाऱ्या कंपनीचे हॅरल्ड ग्रेव्हज भेटले. हे काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास माल बाजारात. एका चकतीत फिल्मचे चौदा तुकडे, म्हणजे सात जोड्या. जोडीतली दोन चित्रं चकतीवर बरोबर समोरासमोर बसवलेली असतात, एक उजव्या डोळ्याला, एक डाव्याला. दोन्हींत किंचित फरक असतो आणि बाकीचं काम आपला मेंदू करतो. लहानपणी मी ती चकती उजेडात धरून शंभरदा पाहिली असेल, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं.

मुळात हे खेळणं नव्हतंच. मोठ्यांसाठी होतं, पर्यटनस्थळं घरबसल्या बघायला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने एक लाखाच्या आसपास व्ह्यूमास्टर घेतले, विमानं ओळखायला आणि अंतराचा अंदाज घ्यायला शिकवण्यासाठी. ग्रूबरने डेव्हिड बॅसेट या डॉक्टरांबरोबर मानवी शरीररचनेचा अख्खा अॅटलास चकत्यांवर केला: २२१ चकत्या, १५४७ जोडचित्रं, खऱ्या शवविच्छेदनाची. आणि सिंड्रेलासारख्या परीकथांच्या चकत्यांसाठी फ्लॉरेन्स थॉमस ही शिल्पकार बाई टेबलावर छोट्या छोट्या मूर्ती मांडायची, त्यांचे फोटो चकतीवर यायचे. या बाईचं नाव आपल्याला कुणी सांगितलं नाही. आपण म्हणायचो, "डिस्ने, डिस्ने!"

आता मुद्द्यावर येते. फेसबुकवर आजकाल पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेचे फोटो फार फिरतात. ड्राइव्ह-इन थिएटर, सोडा फाउंटन, ज्यूकबॉक्स, खाली "काय दिवस होते ते!" आणि ते शेअर करणाऱ्यांत आपली मंडळीही पुष्कळ, ज्यांच्या घरी तेव्हा रेडिओसुद्धा नव्हता. मी हसत नाही, मीही त्यातलीच आहे. त्या दुकानात माझे डोळे भरून आले, ते काही मिरजेच्या अंगणासाठी नाही, निदान नुसते अंगणासाठी नाही. मी कधी न पाहिलेल्या त्या लाल गाड्यांसाठीही आले. परक्याच्या बालपणासाठी रडायचं म्हणजे कमालच!

पण वाचता वाचता व्ह्यूमास्टरच्या कारखान्याचं पुढचंही आलं. १९५१ पासून तो इथेच, बीव्हर्टनच्या हॉल बुलेव्हार्डवर. धातूच्या सुट्या भागांवरचं तेल काढायला तिथे १९८० पर्यंत ट्रायक्लोरोइथिलीन नावाचं रसायन वापरायचे. ते जमिनीत मुरलं. कारखान्याच्याच आवारात विहीर होती आणि कामगार त्याच विहिरीचं पाणी प्यायचे. १९९८ साली पाणी तपासलं तेव्हा ते रसायन पिण्याच्या पाण्यातल्या मर्यादेच्या दोनशेपटीहून जास्त निघालं. हे कर्करोगाशी जोडलेलं रसायन आहे. इतक्या वर्षांत हजारो माणसांनी ते पाणी प्यायलं. २००१ मध्ये कारखाना बंद झाला.

हे वाचल्यावर मी व्ह्यूमास्टर टेबलावर ठेवून दिला. मुलगी म्हणाली, "आई, आता त्यावर काय राग काढतेस?" राग नव्हे गं. पण त्या यंत्राची करामतच अशी आहे की दोन्ही डोळ्यांभोवती अंधार केल्याशिवाय चित्र उठून दिसत नाही. आपण स्मरणरंजन करतो तेव्हा तो अंधार आपणच करतो. मिरजेच्या वाड्यातसुद्धा पहाटे पाणी भरून आईचे खांदे दुखायचे, ते माझ्या चकतीवर कुठे आहे?

रात्री पुन्हा हातात घेतला, खोटं कशाला बोलू. दुकानातून दोन चकत्या आणल्यात. एक जुनी, कोडाक्रोम या रंगीत फिल्मची, तिच्यातलं आकाश अजून काल धुतल्यासारखं निळं. दुसरी बरीच नंतरची, तिचे रंग उडून सगळं गुलाबी-लाल झालंय. झाडं लाल, पाणी लाल. फिल्म स्वस्तातली वापरायला लागले, त्याचा हा परिणाम.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर आपल्याकडच्या जुन्या चकत्या असतील तर जरा उजेडात धरून बघा आणि कुठला रंग उरलाय तेवढं कळवा. आणि चुलतभाऊ हे वाचत असेल तर, दादा, तुला दिलेल्या कैऱ्यांचा हिशोब माझ्याकडे आहे.