खणातल्या फोनचे टक्के कोण खातं?

जुना फोन कुणी टाकून देत नाही. नवा पडला-झडला तर अडीअडचणीला असू दे, या सबबीवर तो शंभर टक्के चार्ज होतो, रीतसर बंद होतो आणि खणात जातो. सहा-आठ महिन्यांनी ती अडचण खरोखरच येते. आपण बटण दाबून धरतो, पडदा काळा तो काळाच. मग घरात हमखास प्रश्न उठतो, "कोणी वापरला हा?"

कोणीही नाही. या खटल्यात आरोपींचं वकीलपत्र घ्यायला मी केव्हाही तयार आहे, कारण हिशेब त्यांच्या बाजूचा आहे.

फोनचं बटण बॅटरीची तार तोडत नाही. ते वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपला फक्त निरोप देतं, की बाकीच्यांना निजव. ती स्वतः जागीच राहते, नाहीतर पुढच्या खेपेला बटण दाबलेलं तिला कळायचं कसं? तिच्या सोबतीला सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा घड्याळाचा क्वार्ट्झ असतो. बॅटरीला डकवलेली संरक्षक पट्टीही आपला वाटा घेते. समजा, ही सगळी मंडळी मिळून १०० मायक्रोअँपिअर पितात. महिन्याचे ७२० तास धरले तर ७२ मिलिअँपिअर-तास झाले, म्हणजे ३००० च्या बॅटरीतले जवळपास अडीच टक्के. शिवाय लिथियम-आयन बॅटरी स्वतःहून महिन्याला टक्का-दोन टक्के गाळते. या हिशेबाने धडधाकट फोन सहा महिन्यांनी पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात निघायला हवा.

पण धडधाकट असता तर तो खणात गेलाच कशाला असता?

म्हाताऱ्या बॅटरीवर छापलेले ३००० प्रत्यक्षात १८०० उरलेले असू शकतात. तेवढ्याच खर्चाला मग अडीचऐवजी चार टक्के पडतात. बॅटरीच्या आत दोन टोकांना वेगळं ठेवणारा पातळ पडदा असतो, त्यात कुठे बारीक शॉर्ट असेल तर स्वतःची गळतीही वाढते. चार्जिंगच्या खाचेत किंवा बोर्डावर दमटपणाने गंज धरला, की वीज तिथूनही झिरपते. ही गळती अवघी एक मिलिअँपिअर असली तरी महिन्याला ७२० जातात आणि अडीच महिन्यांत खडखडाट. त्यात काही फोन बंद झाल्याचं नुसतं सोंग घेतात. एचटीसीच्या जुन्या फोनांत 'फास्ट बूट' चालू असलं की ते पूर्ण बंद न होता गाढ झोपेत जायचे. आयओएस १५ या प्रणालीपासून आयफोन ११ आणि त्यापुढचे बरेच फोन बंद असतानाही आपला ठावठिकाणा कळवू शकतात. खणात ठेवलेला फोन खणातच असल्याची वार्ता कोणाला हवी असते, हे मला अजून कळलेलं नाही. बंद करतानाच्या पडद्यावरच ही सोय नाकारता येते.

सगळ्यात अंगाशी येतो तो आपला शंभर टक्क्यांचा लाड. बॅटरी २५ अंशांत ४० टक्क्यांवर ठेवली तर वर्षाकाठी सुमारे ४ टक्के क्षमता कायमची जाते, काठोकाठ भरून ठेवली तर सुमारे २०. हीच भरलेली बॅटरी ४० अंशांत ठेवली तर सुमारे ३५. म्हणून निम्मी भरावी, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी आणि पुन्हा निम्म्यावर आणत राहावी. किती दिवसांनी? अ‍ॅपल सांगतं दर सहा महिन्यांनी, थकलेल्या बॅटरीला मी तीनच महिने देईन. बॅटरी निघत असेल तर ती काढून टोकांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे चिपची जागरणं संपली.

आता मेलेला फोन उठवायचा. आधी तो सपाट काचेवर ठेवून पाहा. डुगडुगला किंवा पडद्याची कड उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. तिला दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुगलेली नसेल तर खाच कोरड्या लाकडी काडीने साफ करा आणि साधा पाच व्होल्टचा चार्जर लावा. आणि मग, कृपा करून, हात मागे घ्या. दर दोन मिनिटांनी वायर उपटून "काहीच होत नाही" म्हणणाऱ्यांनी जितके फोन मारले असतील तितके पाण्यानेही मारले नसतील. तीन व्होल्टच्या खाली गेलेल्या बॅटरीला चार्जिंगची चिप आधी नेहमीच्या दहाव्या हिश्शाएवढाच प्रवाह देते. तेवढ्यात पडदा लागत नाही. अर्धा तास, कधी तासभरही, फोन निपचित दिसणार. मात्र बॅटरी दोन व्होल्टच्याही खाली बरेच दिवस पडून असेल, तर आतलं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना भलत्या ठिकाणी साचून शॉर्ट करतं. दुसऱ्या बॅटरीने झटका देऊन तिला जागवण्याचे व्हिडिओ बघा हवं तर, करू मात्र नका.

उठलेला फोन बहुधा १ जानेवारी १९७० मध्ये किंवा कारखान्याने ठरवलेल्या एखाद्या तारखेला उठतो. वायफाय लागतं, पण संकेतस्थळं दाराशी उभं करत नाहीत, कारण फोनच्या लेखी त्यांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं अजून जन्मलेलीच नसतात. आधी तारीख हाताने लावा. टक्क्यांवरही विश्वास नको. ३८ दिसत असताना कॅमेरा उघडला की फोन बंद पडतो, कारण जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो आणि एकदम ओढ बसली की व्होल्टेज कोसळतं. एकदा पूर्ण भरून आणि वापरून रिकामी केली की आकडा जरा ताळ्यावर येतो.

एवढं सगळं पार पडल्यावर फोन पिन मागतो. नुकत्याच चालू झालेल्या फोनला बोटाचा ठसा चालत नाही, आणि पिन ठेवणाऱ्याने तो अर्थातच "लक्षात राहील असा" ठेवलेला असतो. चार्ज केल्याची तारीख कागदावर लिहून खणात टाकाल तेव्हा तोही कुठेतरी टिपून ठेवा. त्याच कागदावर मात्र नको.