‘पोराला धाक नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

मागच्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत उत्तर उरकणं बरं नाही. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांची सगळी नोकरी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत झाली. त्यांचं म्हणणं असं : माझा साडेचार वर्षांचा मुलगा, मी त्या लेखात म्हटलं तसा, ‘तीव्र स्वभावाचा’ वगैरे नाही, त्याला धाक नाही. आम्ही सगळं घर त्याच्या कलाने चालवतो. गोड बंद करावं, वेळीच दोन फटके द्यावेत, आणि तरी फरक पडला नाही तर डॉक्टरला दाखवावं.

डॉक्टरला दाखवलंय. ऐकणं, दिसणं, झोप, बोलणं, सगळं तपासून झालं. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकाराचं, मीच विचारलं. त्या निदानासाठी लक्षणं घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात, सहा महिने तरी टिकावी लागतात आणि वयाच्या मानाने जास्त असावी लागतात. आमचा बालवाडीत रमतो, बाईंची तक्रार नाही. त्यामुळे सध्या लक्ष ठेवायचं, एवढंच ठरलंय. उद्या निदान झालंच, तरी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी औषध सांगत नाहीत. आईवडिलांनी मुलाला कसं हाताळायचं ते शिकावं, असं सांगतात.

आता स्वभावाचं. हे खूळ आजकालचं नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने 1956 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अभ्यास सुरू केला आणि 133 मुलांना तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत पाहिलं. मूल किती हलतं, किती जोरात रडतं-हसतं, बदल किती लवकर पचवतं, अशा नऊ गोष्टी त्यांनी नोंदवल्या. सुमारे 10 टक्के मुलं सांभाळायला कठीण निघाली, तीही अगदी पाळण्यात असल्यापासून. पाळण्यातल्या बाळाचे लाड करून कोण बिघडवणार? पुढे मूल कसं निघतं हे त्याच्या स्वभावाची आणि भोवतालच्या माणसांची सांगड बसते की नाही यावर बरंच ठरतं, असं त्यांना दिसलं.

गोडाचं म्हणाल, तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आमच्याकडे सगळ्यांसारख्या तोही खातो. दातांसाठी गोड कमी करावं हे मान्य, पण साखरेने मूल उधळतं हे तपासून पाहिलं तेव्हा खरं ठरलं नाही. 1994 च्या एका प्रयोगात सगळ्या मुलांना बिनसाखरेचं पेय दिलं होतं. काही आयांना मात्र सांगितलं की तुमच्या मुलाने साखर घेतलीय. त्या आयांना आपलं मूल जास्त वाह्यात वाटलं. हे वाचल्यापासून कोणी त्याला ‘द्वाड’ म्हटलं की मी तिथल्या तिथे बोलते. वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, एकदा हा शब्द चिकटला की त्याचं साधं पळणंही सगळ्यांना द्वाडपणा दिसतं.

मुख्य मुद्दा धाकाचा. फटका खाल्लेलं मूल थांबतं, मी नाकारत नाही. पण ते भीतीने थांबतं. अंगातली धाव तशीच राहते आणि तासाभरात दुसरीकडून बाहेर पडते, बहुतेक वेळा धाकट्या भावंडावर. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल सांगितलीय, त्यातली 60 मिनिटं चांगली दमवणारी. हे झालं कुठल्याही मुलाचं. आमच्याला याहून जास्त लागतं, आणि ते मिळालं नाही तर त्या दिवशी कुठलाही नियम त्याच्या कानात शिरत नाही.

म्हणून आम्ही आधी अंग दमवतो, मग नियम सांगतो. घर त्याच्या कलाने चालतं असं तुम्हाला वाटलं ते यामुळेच. सकाळी बालवाडीआधी तो भाटात, म्हणजे नारळाच्या बागेत, जातो. पडलेले नारळ एकेक करून मागच्या पडवीत आणायचे, हे त्याचं काम. एक नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून, ओठ घट्ट मिटून तो येतो, ठेवतो आणि दुसऱ्यासाठी धावतो. हे करून गेला की बाईंकडे शांत बसतो. दुपारी सगळा वाडा निजतो तेव्हा हा टक्क जागा. तेव्हा न्हाणीत बादली, तांब्या आणि जुना ब्रश. पाणी सांडलं तरी चालतं अशी ती एकच जागा. संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की खेळ संपला. हे आधी ठरलेलं असतं, त्यामुळे ‘आई थांबवते’ असं होत नाही. तरीही काही वेळा तो पायरीवर आडवा पडून किंचाळतो. मी त्याच्या शेजारी बसते, आवाज खाली ठेवते, आणि परत खेळायला सोडत नाही. त्याचं रडणं संपतं, नियम तिथेच असतो. माझ्या मते शिस्त हीच.

हे करताना मी दमते. सासूबाई दुपारी तासभर त्याला घेतात म्हणून रात्रीचा स्वयंपाक होतो, आणि घरात दुसरं माणूस नसेल अशा आयांना मी कुठलाही उपदेश करणार नाही. तिथे मुलाच्या हातात थोडा वेळ फोन गेला, तर तिला बोल लावू नका.

शाळेतली छडी देशभर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद झाली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. पण तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. छड्या खाऊनही न बसणाऱ्या एका मुलाला तुम्ही शाळेची घंटा वाजवायचं आणि विहिरीवरून पाणी आणायचं काम दिलंत, आणि मग तो वर्गात टिकू लागला. काका, मी नारळांनी करते ते हेच आहे. त्या मुलाबद्दल आणखी लिहाल का? जून ते सप्टेंबर भाटात चिखल असतो, पडवीही ओली, आणि घरात करण्याजोगी जड कामं मला कमी पडतात. पावसाळ्यात, मैदान बंद असताना, तुम्ही त्याला काय देत होता?