रेशनच्या गव्हात डाळ कुठून येणार? एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, कमी पैशात चांगलं कसं खावं यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हणालात: ‘रेशनला गहू-तांदूळ फुकट मिळतो आणि तुम्ही दुकानातून ज्वारी आणायला सांगता. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई भाकरी कधी थापणार? गरिबाने गरिबीचंच खावं आणि त्याला पौष्टिक म्हणावं, एवढाच तुमचा सल्ला.’

ज्वारीचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. दादर ज्वारी घरच्या शेतात पिकते म्हणून मी ‘स्वस्त’ लिहून मोकळी झाले. ज्याला विकत घ्यायची आहे त्याचा विचारच केला नाही. चूक झाली, लेखात दुरुस्ती करते.

पण मुद्दा ज्वारीचा नव्हताच, तो मला नीट मांडता आला नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनच्या ‘प्राधान्य’ गटातल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून मोफत. पाच माणसांच्या घराला २५ किलो. पोटाला त्याचा मोठा आधार आहे. मात्र त्या २५ किलोत डाळ नाही. हातात जे थोडे पैसे उरतात ते दुसऱ्या धान्यावर घालू नका, डाळी-शेंगदाण्यावर घाला, एवढंच मला सांगायचं होतं.

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी मी लेखात त्यासाठीच सांगितली होती. माझी आई चार पायल्या ज्वारीला एक पायली अख्खे उडीद घ्यायची, खडेमीठही त्यातच टाकायची आणि डबा गिरणीवर द्यायची. डाळ वेगळी शिजवायची गरजच उरायची नाही, ती पिठातच असायची. ज्वारी-गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी पडतो, तो उडीद-हरभऱ्यात भरपूर असतो. आमच्या आज्यांना लायसिन माहीत नव्हतं, पण नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर दुपारपर्यंत दम टिकत नाही हे शेतात कळत होतं.

हेच रेशनच्या गव्हाला लावा. १२ किलो गव्हात ३ किलो अख्खा हरभरा घालून एकत्र दळून आणा. अख्खा हरभरा तुरीच्या डाळीपेक्षा बराच स्वस्त पडतो. पोळी थोडी जाड लाटा, तव्यावरून उतरवल्याबरोबर तेलाचा हात फिरवा, नाहीतर दुपारी डब्यात कडक होते. रोजच्याच पोळ्या, थापायचा वेळ नाही की वेगळा गॅस नाही. तांदळाची खिचडी करताना तूर डाळ मूठभर नको, तांदळाच्या निम्मी तरी घ्या. वरून कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी आपण घेतोच.

भाजीचं थोडक्यात सांगते. पावसाळ्यात बांधावर तांदुळजा, घोळ फुकट उगवते. फवारणी झालेल्या कपाशीतली मात्र खुडू नका. पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून ताटात लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. वेचणीवरच्या बायका भाकरी संपली की थर्मासमधला चहा ओततात, तेव्हा मला राहवत नाही. तासाभराने प्या ना! हे बदलायला एक पैसा लागत नाही.

आता तुमचा शेवटचा आरोप, तो मला लागला. गरिबीचं खाणं पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व मुळात धान्यात नाही, डाळीत नाही, भाजीत नाही. रोजच्या खाण्यात ते दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. कळण्याची भाकरी कितीही खाल्ली तरी ते भरून निघत नाही. वाढत्या लेकराला आणि पोटुशी बाईला दूध किंवा अंडं मिळायलाच हवं, आणि ते परवडत नसेल तर दोष त्या बाईच्या स्वयंपाकाचा नाही, तिच्या मजुरीचा आहे. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

तुमच्याकडे हरभरा मिसळून दळून पाहिलात तर पोळ्या कशा झाल्या ते कळवा. माझ्या धाकट्याला पहिले दोन दिवस वास आवडला नव्हता, म्हणून सुरुवातीला १२ किलोला दीड किलोच घातला होता.