फक्त कॉफी आणि पाणी

कोल्ड ब्रू, म्हणजे थंड पाण्यात तासन्‌तास भिजवून केलेल्या कॉफीला दोनच जिन्नस लागतात, कॉफी आणि पाणी, असे जो कोणी प्रथम म्हणाला, त्याच्या घरी मिक्सर, फ्रीज आणि आई या तिन्ही गोष्टी नसाव्यात. आमच्या फोंड्याच्या घरात या तिन्ही आहेत आणि तिघांचीही स्वतंत्र मते आहेत.

पहिली अडचण कॉफीचीच. घाट ओलांडला की कर्नाटक, आणि देशातली सुमारे ७० टक्के कॉफी तिथेच पिकते. तरीही बाजारात कॉफी मागितली की दुकानदार एकतर इन्स्टंटची बाटली पुढे सरकवतो, नाहीतर चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड. चिकोरी हे भाजून दळलेले मूळ. गरम दुधाच्या कॉफीला ते दाटपणा आणि रंग देते, पण रात्रभर थंड पाण्यात भिजवल्यावर कॉफीला गप्प बसवून स्वतःच बोलू लागते. हे मी दुकानदाराला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "चिकोरी नासल्यार रंग कसो येतलो?" (चिकोरी नसेल तर रंग कसा येणार?) शेवटी चिकमगळूरच्या अरेबिका जातीच्या कॉफीच्या भाजलेल्या अख्ख्या बिया बाहेरून मागवल्या.

बिया आल्या की दळणे आले. कोल्ड ब्रूला कॉफी मिठागरातल्या खड्या मिठाइतकी जाडसर हवी, कारण बारीक पूड पाण्यात गरजेपेक्षा अधिक कडवटपणा सोडते आणि गाळताना फडक्याची छिद्रेही बुजवते. मिक्सरच्या पात्याला मात्र मधला मार्ग ठाऊक नाही. एकाच भांड्यात अर्ध्या बियांचे पीठ होते आणि उरलेल्या अर्ध्या शाबूत राहून आपल्याकडे पाहत बसतात. शिवाय आमच्या मिक्सरच्या भांड्यात शागोतीच्या वाटणाचा वास कायमचा वस्तीला आहे, आणि कॉफीइतकी दुसऱ्याचा वास चटकन उचलणारी वस्तू स्वयंपाकघरात दुसरी नाही. म्हणून हाताने फिरवायची छोटी चक्की घेतली. तिची किंमत ऐकून बाबांनी एवढेच विचारले की, हिच्यात तांदूळही दळता येतात का.

प्रमाण सोपे आहे: १०० ग्रॅम कॉफीला ८०० मिलिलिटर पाणी, म्हणजे एकास आठ. खरा घोळ वेळेचा. 'खोलीच्या तापमानाला १२ ते १८ तास' असे बहुतेक पाककृती सांगतात, पण ती खोली विशीतल्या तापमानाची असते. मे महिन्यातल्या गोव्यातल्या स्वयंपाकघराची नव्हे, जिथे पारा तिशीखाली उतरायला तयार नसतो आणि लोणीसुद्धा स्वतःहून तूप व्हायला बघते. तेव्हा बरणी फ्रीजमध्येच ठेवायची आणि पूर्ण एक दिवस-रात्र भिजू द्यायची. फ्रीजमध्ये बांगडे असतात. म्हणून बरणीचे झाकण घट्ट हवे, रबरी कडीचे, आणि तेही बांगड्यांच्या वरच्या कप्प्यात, असा करार आईशी करावा लागला.

गाळण्यासाठी कागदी फिल्टर उत्तम, परंतु आधी पातळ फडक्यातून मोठा चोथा काढावा लागतो. असे फडके घरात एकच होते, नारळाचा रस पिळायचे. ते तपकिरी झाल्यापासून त्याच्याविषयी आई भूतकाळात बोलते. चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिऊन टाकतो, त्यामुळे ८०० मिलिलिटरमधले जेमतेम ६०० हाती लागते. उरलेले पाणी कुठे गेले, याचा हिशेब मला रीतसर द्यावा लागला.

इतके सगळे झाल्यावर हाती येतो तो दाट, काळसर अर्क, जो प्यायच्या वेळी तेवढेच पाणी किंवा दूध घालून सौम्य करायचा असतो आणि तोवर काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो. गोव्यातल्या घरात फ्रीजच्या दारात काळसर द्रवाची बिनलेबलाची बाटली असेल, तर ती कोकमाच्या आगळाची (म्हणजे सोलांच्या आंबट रसाची), हे कुणालाही शिकवावे लागत नाही. रविवारी आईने नारळाचा रस काढला (नव्या फडक्याने), लसूण-मिरची ठेचून घातली, मीठ घातले आणि बाटलीतले चार चमचे ओतले.

सोलकढीचा रंग गुलाबी न होता दुधी चहासारखा झाला. बाबांनी वाटी तोंडाला लावली, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "यंदाची सोले नीट सुकलेली दिसत नाहीत."