टाके निघाले म्हणजे घोडी बरी झाली असं नाही

काका, घोडीच्या पोटाच्या ऑपरेशनवर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही म्हणालात: टाके निघालेत, घोडी चंदी (हरभऱ्याचा दाणा) मागतेय, तरी तिला तबेल्यात कोंडणं हा छळ, आणि घरात पोरं असताना पगारी मोतद्दार (घोडं सांभाळणारा माणूस) ठेवणं हा पैशाचा माज. आपल्या निपाणी-चिकोडीकडे घोडे असेच बरे होतात की, असंही लिहिलंत.

होतात, अगदी खरं. पोटशूळाचे बहुतेक घोडे औषधावर उतरतात. पण त्यांचं पोट फाडलेलं नसतं. हिच्या आतड्याला पीळ पडला होता.

कातडीचे टाके १०-१४ दिवसांत काढतात. आतली शिवण मात्र पोटाच्या मधोमध, स्नायूंना जोडणाऱ्या पांढऱ्या पट्टीवर असते, आणि आतड्यांचा सगळा भार तिथेच येतो. तिला ताकद धरायला दोन महिने तरी लागतात. मोकळी सोडली की घोडी आधी उधळणार. शिवण उसवली तर हर्निया. म्हणून पहिले ४ ते ६ आठवडे तबेला, पुढे तेवढेच दिवस लहान कुंपण, आणि काम ३ महिन्यांनंतर, तेही डॉक्टरांनी हो म्हटलं तर. तबेल्यात असली तरी ती दिवसभर एका जागी उभी नसते. दिवसातून चार-पाच वेळा दोरीला धरून फिरवतो, बांधावरची हराळी चारतो.

चंदी मागतेय म्हणून द्यायची नाही. घोड्याला ओकता येत नाही, पोटही लहान, ८ ते १५ लिटरचं. हरभरा जास्त झाला तर पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, वायू धरतो, खुरांवर उतरतो, म्हणजे खुरांच्या आत सूज येते. वाळका कडबा आणि उसाचं वाडं सध्या बंद. भिजवलेलं गवत, थोडं थोडं, रात्रीसुद्धा.

आता माणसाचं. मला वाटतं, ऑपरेशननंतर घोडं वाचतं ते रोज त्याच नजरेनं बघणाऱ्या माणसामुळे. आमचा मोतद्दार पहाटे तिचा वरचा ओठ उचलतो, हिरडीवर अंगठा दाबून सोडतो. पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. दोन्ही कुशींना कान लावून गुडगुड ऐकतो. जबड्याखाली नाडी मोजतो: मिनिटाला २८ ते ४४ ठीक, ६० च्या वर गेली की थेट डॉक्टरांना फोन. लिदीचे ढीग मोजतो, खुरांवर तळवा ठेवून ऊब बघतो. सगळं दारावरच्या पाटीवर कन्नडमध्ये लिहितो आणि माझी बायको ते फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवते. आमची पोरं घोडीवर जीव टाकतात, पण कॉलेज करून रात्री तीनला उठणं त्यांना रोज जमणार नाही. रात्री जागलेल्या गड्याला दिवसा शेतावर जुंपणं मला पटत नाही, म्हणून दिवसाला दुसरा माणूस. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेंपो कोणाचा, हेही बोलून ठेवलंय.

त्यांचा पगार मला जड जातो, काका. पण एवढं महागडं ऑपरेशन करून पुढच्या देखभालीत हात आखडता घ्यायचा, हे मला जमत नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर शिवण बघायला येतायत. तुम्हाला घोड्यातलं कळतं, तेव्हा या आणि स्वतः चाचपून बघा. येताना हरभरा मात्र आणू नका.