सांगायची एक, घ्यायची एक

अल्टो विकणाऱ्याचं बरं असतं. त्याच गल्लीत आणखी चार अल्टो विकायला उभ्या असतात, त्यांच्यात पाच-दहा हजार इकडेतिकडे केले की भाव निघतो. माझी आहे सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटची, टप उघडणारी, फायबर बॉडीची स्पोर्ट्स कार. आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. सिग्नलला थांबलो की शेजारचा स्कूटरवाला हमखास विचारतो, "काका, कुठली हो ही?" आता जिची ओळखच करून द्यावी लागते, तिचा बाजारभाव कुणाला विचारायचा?

आधी विमा एजंटला विचारलं. तो म्हणाला, घसाऱ्याचा तक्ता असतो : पहिल्या सहा महिन्यांना ५ टक्के, असं करत पाचव्या वर्षाला ५०. त्यापुढची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. आपसात म्हणजे तो आकडा टाकतो आणि मी मान डोलावतो. त्यात १५ वर्षं झाली की रीपासिंग. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, पर्यावरण कर वेगळा. बरं, विंटेज म्हणून मिरवावी, तर सरकारी नियमात त्यासाठी गाडी ५० वर्षांची लागते. स्वस्त व्हायला पुरेशी जुनी, महाग व्हायला अजून पोरसवदा.

बायकोचा हिशोब सोपा. "पार्किंग मोकळं होतंय, तोच नफा धरा." मुलगा फोनवरून म्हणाला, "पाच लाखांच्या खाली सोडू नका." त्याला ती पाच लाखांत घ्यायला सांगितली, तर नेमकी रेंज गेली.

शेवटी भंगारवाल्याला बोलावलं, निदान तळाचा आकडा तरी कळावा म्हणून. त्याने बॉनेटवर टिचकी मारली, दरवाज्यावर मारली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला फसवतोय. "साहेब, ह्याच्यात लोखंड कुठंय?" फायबर असल्यामुळे बॉडीला गंज नाही, हे वाक्य मी जाहिरातीत सगळ्यात वर टाकणार होतो.

मग मनाशी ठरवलं : घ्यायचे तीन लाख, सांगायचे तीन वीस. वरचे वीस घासाघिशीचे. पहिल्याच फोनवर "हॅलो"च्या आधी प्रश्न आला, "लास्ट किती?" दुसऱ्याला ॲव्हरेज हवं होतं. एकाने जुनी बुलेट आणि वर थोडी रोकड देऊ केली. साताऱ्याहून एक बँडवाले थेट मोजपट्टी घेऊन आले. उघड्या टपाची गाडी वरातीला झकास, घोड्याचा खर्च वाचेल, असा त्यांचा बेत. सीटच्या मागे पट्टी लावून म्हणाले, "नवरदेव नि करवली बसली. मग येताना नवरी कुठं?" मी गप्प. "आणि घोड्याला मेकॅनिक लागत नाही," असं म्हणून त्यांनी एक लाख दहा सांगितले.

गेल्या रविवारी मात्र खरा शौकीन आला. माझ्याच वयाचा, निवृत्त. इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकला, आरसी उलटसुलट पाहिली, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या कधी करायच्या तेही विचारलं. किमतीबद्दल अवाक्षर नाही. मी मनातल्या मनात वीस हजार वाचवलेसुद्धा. मग ते आत बसले. बसले म्हणजे उतरत गेले. सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. स्टिअरिंग धरून प्रसन्न हसले. बाहेर यायची वेळ आली तेव्हा एक हात मी धरला, दुसरा वॉचमनने. उभे राहिल्यावर बराच वेळ ते दरवाज्याला धरून होते.

"गाडी फर्स्ट क्लास आहे हो," ते म्हणाले, "पण तीन वीसमध्ये माझा एक गुडघा बदलून होईल."

वरच्या गॅलरीतून बायको म्हणाली, "अहो, ह्यांच्याही गुडघ्यासाठीच विकतोय!"

त्यावर त्यांनी अडीच सांगितले.