मुंबईचा सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि धोबीतलावच्या कुडी

परवा नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात, जमशेद भाभा थिएटरमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला गेलो होतो. ओबो या फुंकवाद्याने सूर दिला, सगळ्या व्हायोलिनवाल्यांनी तारा जुळवून घेतल्या. त्या गुंजारवात शेजारच्या खुर्चीतल्या काकू माझ्याकडे झुकल्या आणि म्हणाल्या, "यातले आपले किती हो?"

मी मोजायला लागलो. थोडेच निघाले. बरेचसे वादक कझाकस्तानचे, काही युरोपातले. काकूंना मी ते सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि कार्यक्रम सुरू झाला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून काही जाईना. कारण एके काळी या शहराच्या ऑर्केस्ट्रात 'आपले' भरपूर होते, आणि त्यांच्यातले एक आमच्या गिरगावात, आमच्याच मजल्यावर राहायचे.

गोव्याचे होते ते. आम्ही पोरं त्यांना अंकल म्हणायचो. सकाळी व्हायोलिनची पेटी उचलून ताडदेवच्या नाहीतर वांद्र्याच्या स्टुडिओत शिफ्टला जायचे. वर्षातून काही संध्याकाळी मात्र गॅलरीत काळा कोट ब्रशने झटकताना दिसायचे. मग गजाला राळ लावायचे, आणि आई म्हणायची, "आज ह्यांचं मोठं वाजवणं आहे." मोठं वाजवणं म्हणजे काय, हे मला कळायला पुढची वीस वर्षं गेली. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीत मांडवात होतो तो, फिल्मी गाण्यांचा. त्याचंही मला प्रेम आहे. पण सत्तर माणसं समोर कागद ठेवून बीथोव्हन वाजवतात, तेही याच शहरात आणि कित्येक वर्षांपासून, हे गिरगावात राहून आम्हाला ठाऊक नव्हतं.

बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा १९३५ साली मेहली मेहतांनी उभा केला. जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण मला ते उलटं वाटतं. आधी मेहली, मग झुबिन. हा पारशी माणूस मुंबईत राहून बरंचसं स्वतःच्या जिद्दीवर व्हायोलिन शिकला आणि एका वसाहतीच्या बंदरात सिंफनी वाजवायची असं त्याने ठरवलं. १९४० साली त्यांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट हा चार तंतुवाद्यांचा मेळही सुरू केला. घरातच तालमी चालायच्या. झुबिन यांचा जन्म १९३६ चा, म्हणजे ऑर्केस्ट्रा आणि ते जवळजवळ एकाच वयाचे. त्यांच्या कानावर बोलीभाषेआधी ब्राह्म्स पडला असेल, असं मी म्हटलं तर फार चुकणार नाही.

त्या काळात मुंबईला आणखी एक माणूस लाभला होता. वॉल्टर कॉफमन. हिटलरच्या छायेतून १९३४ साली इथे आलेला ज्यू संगीतकार. त्याने इथे चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताची, सोसायटी काढली, पुढे ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर संगीताचं काम पाहिलं. पहाटे आकाशवाणी सुरू होताना जी धून वाजायची, ती त्याची. त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सांगतात. आमच्या आधीच्या दोन पिढ्या त्या सुरांवर उठल्या, चहा ठेवला, डबे भरले. १९४६ मध्ये कॉफमन मुंबई सोडून गेला आणि १९४८ पासून दहा वर्षं कॅनडातल्या विनिपेगचा सिंफनी ऑर्केस्ट्रा त्याने चालवला. विनिपेगचा ऑर्केस्ट्रा आजही आहे. मेहलींचा नाही.

का नाही? हेच मला सांगायचंय.

सिंफनीला साठ-सत्तर माणसं लागतात, आणि नुसती हौशी नव्हे, समोरचा कागद पाहता क्षणी वाजवणारी. मुंबईत ती कुठून आली? काही पारशी घरांतून, काही युरोपियन. फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसं यायची. पण तंतुवाद्यांच्या रांगा भरल्या त्या गोव्याच्या पोरांनी. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तिथे मुलाला अक्षरओळखीबरोबर सुरांची ओळख व्हायची, सोलफा, म्हणजे त्यांचं सारेगम, गाऊन दाखवावा लागायचा आणि हातात व्हायोलिन यायचं. चर्चमध्ये वाजवायला वादक हवेत, एवढाच त्यामागचा हेतू. पण त्यातून मडगाव-माजोर्ड्याकडच्या शेतकऱ्याच्या पोरालाही स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता यायला लागलं. गोव्यात पोट भरेना तेव्हा तीच पोरं मुंबईला आली आणि धोबीतलावच्या कुडीत उतरली.

कूड म्हणजे गावकऱ्यांची खोली. प्रत्येक गावाची वेगळी. रांगेत ट्रंका, भिंतीला अल्तार (वेदी), संध्याकाळी रोझरी. बोटीवर चढायची वाट बघणारे खलाशी, आचारी आणि वादक एकाच छताखाली. जेर महालच्या लाकडी जिन्याने वर गेलात तर आजही काही कुडी दिसतील. चार पावलांवर फुर्तादोचं दुकान, १८६५ पासूनचं. तिथे तारा मिळायच्या, छापील संगीत मिळायचं, आणि कुणाला वादक हवाय ही बातमीही मिळायची. कावसजी जहांगीर हॉलमध्ये सिंफनी व्हायची तेव्हा मंचावरची कितीतरी माणसं या गल्ल्यांतून चालत गेलेली असायची. तो हॉल आता आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मी तिथे गेलो की चित्रांआधी छताकडे बघतो.

हा ऑर्केस्ट्रा पूर्णवेळ पगारी कधीच नव्हता. वादकांचं घर चालायचं ते हॉटेलातल्या बँडवर आणि त्याहून जास्त सिनेमावर. चाल संगीतकाराची, पण ती चाल तीस व्हायोलिनना वाटून देणारा, कागदावर उतरवणारा हात सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरचा. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत मागे जी तंतुवाद्यांची लाट येते ती आठवा. ती लाट म्हणजेच आमच्या अंकलसारखी माणसं. म्हणजे लताबाईंच्या गाण्यामागे सकाळी जो गज फिरत होता, तोच संध्याकाळी मोझार्टवर फिरायचा. सिनेमाने सिंफनी पोसली. कुणी ठरवून केलं नाही, पण झालं तसं.

या दोन जगांना उघडपणे एकत्र बसवायचं धाडस केलं ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी. हो, तेच, ज्यांचं नाव त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे एका गाण्यातून घराघरात गेलं. १९५८ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात भारतीय रागांवर बांधलेल्या स्वतःच्या रचना मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. मुंबईच्या मंचावर सारंग रागातला कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजणारी एकल वाद्याची रचना, अठ्ठावन्न साली! दुसऱ्या एखाद्या देशात या संध्याकाळीवर शाळेच्या पुस्तकात धडा असता. इथे गोन्साल्विस पुढे अमेरिकेला गेले, परतल्यावर गावी शांतपणे राहिले आणि २०१२ मध्ये गेले. ही गोष्ट मला आजही टोचते.

मेहलींचंही तसंच. १९४५ मध्ये शिकायला न्यूयॉर्कला गेले, परत आले, पुन्हा ऑर्केस्ट्रा सांभाळला. पण १९५५ च्या सुमारास मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात गेले ते गेलेच. तिथून फिलाडेल्फिया, मग लॉस एंजेलिस, आणि तिथे १९६४ पासून तरुण मुलांचा ऑर्केस्ट्रा. शिकवण्याची जी भूक त्यांना होती ती अमेरिकन पोरांच्या वाट्याला आली. झुबिन त्याआधीच, १९५४ मध्ये, झेवियर्समधला वैद्यकीचा नाद सोडून व्हिएन्नाला गेले होते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मागे राहिलेल्यांनी हात टेकले नाहीत. १९६२ पासून जिनी दिनशॉ यांच्या बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्राने दशकानुदशकं दिवा तेवत ठेवला. पण १९९० च्या आसपास खालची जमीनच सरकली. सिंथेसायझर आला. तीस व्हायोलिनचं काम एक माणूस कीबोर्डवर करू लागला. अंकलच्या शिफ्टा आधी आठवड्याला पाचच्या दोन झाल्या, मग महिन्याला दोन. त्यांनी एका पोरालाही व्हायोलिन शिकवलं नाही. स्वतःच्या मुलाला तर नाहीच. "कॉमर्स कर," म्हणाले. त्यांना दोष कसा देणार? ज्या कामाने घर चाललं ते काम उद्या नसेल हे दिसत असताना बाप दुसरं काय सांगेल?

म्हणून २००६ मध्ये एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, तेव्हा रांगा भरायला माणसं बाहेरून आणावी लागली. यावरून लोक नाक मुरडतात. नावात 'इंडिया' आणि वाजवणारे कझाक, असं म्हणतात. मला हे बोलणं पटत नाही. ती माणसं उत्तम वाजवतात. त्यांच्याकडे सोव्हिएत काळापासून लहान मुलाच्या हातात वाद्य देऊन रोज रियाज करून घेणाऱ्या संगीतशाळा आहेत. आपल्याकडेही तशा होत्या. गोव्याच्या चर्चच्या शाळा म्हणजे दुसरं काय होतं? त्या शाळांतून जो साठा आला तो आपण तीन पिढ्या वापरला आणि भरला नाही.

याच ऑर्केस्ट्राने २०१५ मध्ये झाकिर हुसेन यांच्याकडून तबल्यासाठी 'पेशकार' हा कॉन्चेर्टो लिहून घेतला. २०२३ मध्ये सत्याऐंशी वर्षांचे झुबिन मेहता पहिल्यांदा या ऑर्केस्ट्रासमोर उभे राहिले, वडिलांच्या शहरात. दोन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे. पण सगळ्यात जास्त आशा वाटते ती २०१२ मध्ये सुरू झालेल्या या ऑर्केस्ट्राच्या अकादमीची. तिथे मुंबईतली मुलं लहान वयापासून व्हायोलिन शिकतायत. पण नरिमन पॉइंटला एका इमारतीत शिकणारी मुलं किती असणार? माझं म्हणणं आहे की हे परळला, भांडुपला, महापालिकेच्या शाळेत व्हायला हवं. मास्तर हवा, दहा छोटी व्हायोलिनं हवीत, आणि पंधरा वर्षं धीर हवा. गोव्याच्या खेड्यात कंदिलाच्या उजेडात जे जमलं ते इथे न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

अंकल जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या घरात, चाळीत, नात्यात कुणी बॉम्बे सिंफनीत किंवा स्टुडिओच्या व्हायोलिनच्या रांगेत वाजवलं असेल, तर त्यांचं नाव आणि आठवण खाली लिहा. जुनी कार्यक्रमपत्रिका असेल, कावसजी हॉलमधला फोटो असेल, तोही टाका. मंचावर कोण कोण बसलं होतं, ती रांग मला एकदा पूर्ण पाहायची आहे.